एक घड्याळ, दोन मनगटं

घड्याळ लगेच न घेण्यात सबुरीचे तीन फायदे होते. त्यातले दोन तो चारचौघांत सांगायचा. एक, कंपनीचं नवं मॉडेल येऊ घातलं होतं, आणि नवं आलं की जुन्याचा भाव पडतो हे शेंबडं पोरही सांगेल. दोन, नव्यात काय जास्तीचं आहे ते बघून मग निवांत ठरवता आलं असतं. तिसरा फायदा त्याने बायकोलाही सांगितला नव्हता. मनगटावर घड्याळ नाही तोवर त्याच्या छातीत काय चाललंय हे कुणाला कळणार नव्हतं, अगदी त्यालासुद्धा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि मूठ छातीच्या डाव्या बाजूची असेल तर भाव आणखी वर जातो.

सबुरी लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होता. खरं नाव वेगळं होतं, पण डेपोत ते फक्त पगाराच्या दिवशी वापरलं जायचं. कुठलीही वस्तू घ्यायची म्हटली की "थांबू जरा, घाई काय आहे" हे त्याचं ठरलेलं वाक्य. उन्हाळ्यात फ्रिज महाग म्हणून उन्हाळा संपायची वाट बघायची, आणि उन्हाळा संपला की आता फ्रिज लागतो कशाला म्हणायचं, असे त्याने बरेच उन्हाळे काढले होते. त्याची बायको एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करायची. ती म्हणायची, "लग्नाच्या वेळीसुद्धा हे पुढचं मॉडेल यायची वाट बघत होते. माझ्या वडिलांनी परस्पर तारीख ठरवली म्हणून मी या घरात आहे."

यावर सबुरीही हसायचा. पण गेल्या काही महिन्यांत त्याला हसतानाही मधेच थांबून आत कान द्यायची सवय लागली होती. चालू इंजिनाचा आवाज ड्रायव्हरच्या अंगात मुरलेला असतो; एक ठोका गळला तरी त्याला पायाच्या तळव्यातून कळतं. सबुरीच्या छातीत तसंच व्हायला लागलं होतं. सगळं सुरळीत चाललेलं असताना एक ठोका गळायचा, मागून दोनतीन धडपडत यायचे, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा ताल लागायचा. डेपोच्या डॉक्टरीणबाई वर्षातून एकदा नाडी बघायच्या, तेव्हा ती शहाण्या पोरासारखी सरळ चालायची. आणि डेपोचा नियम साधा होता. हृदयाची तक्रार निघाली की हातातलं चाक गेलं. मोठ्या डॉक्टरांचा दाखला येईपर्यंत यार्डात बस धुवायच्या. दाखला आलाच नाही, तर कायमच्या धुवायच्या.

त्याच बसवरचा दुसरा ड्रायव्हर म्हणजे त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. लांबच्या गाडीवर दोघं असतात. एक चालवतो, दुसरा सीटमागच्या बर्थवर झोपतो, आणि अर्ध्या वाटेत अदलाबदल. बर्थ एक, उशी एक, पाण्याची बाटली एक, आरशामागे खोचलेला कंगवाही एकच. सबुरीला कंगव्याची गरज संपून बरीच वर्षं झाली होती, पण त्यातली निम्मी भागीदारी त्याने सोडली नव्हती.

मेहुणा सगळ्याच बाबतीत उलटा. आधी घ्यायचं आणि मग लागतं का बघायचं. डेपोडेपोंमध्ये पळण्याची शर्यत होणार असं कळल्यावर त्याने त्याच संध्याकाळी बूट आणले, आणि घड्याळासाठी दाजींना ओढत दुकानात नेलं.

"हे बघा दाजी. किती वेगाने पळालो, छाती किती धडधडली, झोप नीट झाली का, सगळं सांगतं."

"झोप झाली का ते मला उठल्यावर कळतं," सबुरी म्हणाला. "त्यासाठी वेगळा माणूस कशाला ठेवायचा?"

काउंटरवरच्या मुलीला हसू आलं. "काका, दोन महिन्यांत नवीन मॉडेल येतंय," ती म्हणाली. "मग हे बरंच स्वस्त होईल. घाई नसेल तर थांबा."

"ऐकलंस?" सबुरी म्हणाला. विकणाऱ्यानेच थांबा म्हणावं, यापरतं सुख त्याला ठाऊक नव्हतं.

"शर्यत दोन महिने थांबणार आहे का?" मेहुणा म्हणाला. मग त्याने जरा विचार केला, म्हणजे बराच कमी केला. "असं करू. आत्ता दोघांत एक घेऊ. निम्मं तुमचं, निम्मं माझं. नवीन आलं की दुसरं."

निम्म्या भावात पूर्ण घड्याळ हा हिशेब सबुरीला नाकारता येईना. नाही म्हणायला कारणच उरलं नव्हतं. जे उरलं होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्याची जी पंचाईत होते ती झाली.

"पण हे एकाच्याच हातात ठेवा हं," पैसे घेताना मुलगी म्हणाली. "ते त्या माणसाचं शरीर हळूहळू ओळखायला शिकतं."

"आम्ही दोघं मिळून एकच ड्रायव्हर आहोत," मेहुणा म्हणाला आणि पट्टा आवळला.

नियम ठरला. चाकावरून उतरेल त्याने घड्याळ बांधायचं. ते बांधूनच चालायचं, पळायचं, झोपायचं. सगळी नोंद मेहुण्याच्या फोनवर. घड्याळ बिचारं गोंधळून गेलं असणार. एक दिवस ते मेहुण्याला म्हणालं की तुमची प्रकृती झपाट्याने सुधारते आहे, आणि दुसऱ्या दिवशी म्हणालं की तुम्हाला विश्रांतीची नितांत गरज आहे. दोघांनी त्यावर कँटीनमध्ये यथेच्छ हसून घेतलं. सबुरी मात्र आपल्या पाळीला पट्टा सैल बांधायचा, मनगटाच्या हाडावर, कातडीला धड टेकणार नाही असा. कुणी विचारलंच तर घाम येतो म्हणायचा. कुणी विचारलं नाही.

मग ती दुपार आली. परतीची गाडी संध्याकाळी होती. दुसऱ्या टोकाच्या डेपोत ड्रायव्हरांसाठी विश्रांतीची खोली होती, लोखंडी खाटा, भिंतीला पंखा, खिडकीला जुन्या बॅनरचा पडदा. मेहुणा पळून आला, अंघोळ न करताच आडवा झाला आणि घोरायला लागला. डावा हात खाटेबाहेर लोंबत होता. त्या हातावर घड्याळ.

सबुरी जेवून पडला होता आणि छातीत ते सुरू झालं. एक गळला, दोन धडपडले, पुन्हा एक गळला. या वेळी ताल लवकर लागेना. तो उठून बसला. त्याची नजर त्या लोंबत्या हाताकडे गेली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला थांबवेना. त्याने हलकेच पट्टा सोडवला आणि स्वतःच्या हातावर बांधला, नीट, घट्ट. खाटेवर उताणा पडून पंख्याकडे बघत राहिला. कळलं तर बरं असं एकदा वाटायचं, न कळलं तर बरं असं लगेच त्याच्या पाठोपाठ. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे त्याला कळत होतं, तरी तो बराच वेळ तसाच पडून राहिला. घड्याळ काही बोललं नाही. मेहुण्याने कूस बदलल्यावर तो दचकून उठला, पट्टा काढला आणि होता तसा त्याच्या हाताला बांधून टाकला.

घड्याळ बोललं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, मेहुण्याच्या फोनवरून, कँटीनमध्ये चहा घेताना. मेहुण्याने ते दोनदा वाचलं आणि फोन टेबलावरून सबुरीकडे सरकवला. काल दुपारी, अमुक वेळेत, हृदयाचे ठोके अनियमित असल्याची चिन्हं दिसली. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

"काल दुपारी," मेहुणा म्हणाला. "म्हणजे मीच की. पळून आलो आणि तसाच पडलो."

सबुरीच्या तोंडातला चहा तोंडातच राहिला. बोलायची वेळ हीच होती. पण त्याच्या डोक्यात हिशेब सुरू झाला होता आणि हिशेब सुरू असताना तो तोंड उघडत नसे. मेहुण्याला काही झालेलं नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. डॉक्टर तपासतील, काही सापडणार नाही, दाखला मिळेल, विषय मिटेल. नुकसान कुणाचंच नाही. थोडं थांबलं की झालं.

"ही यंत्रं काहीही सांगतात," तो म्हणाला. "आपण दोघं घालतो, त्याचं डोकं फिरलं असेल. थांब जरा."

"मागे चाळीस माणसं झोपलेली असतात, दाजी," मेहुणा म्हणाला. "त्यांना घेऊन कसं थांबू?" तो चहा तसाच टाकून डॉक्टरीणबाईंकडे गेला.

बाईंनी नाडी बघितली. ठीक होती. पण मेहुण्याने स्वतः सांगितलेलं त्यांना कानाआड करता येईना. मोठ्या डॉक्टरांकडची तारीख मिळाली ती थेट पुढच्या महिन्यातली. तोवर चाक बंद. मेहुणा गमबूट घालून यार्डात गेला. सबुरीचा हिशेब बरोबर होता, फक्त मोठ्या डॉक्टरांकडची रांग त्यात धरायची राहिली होती.

आणखी एक गोष्ट राहिली होती. डेपो एक नवा मार्ग सुरू करणार होता, घाट उतरून थेट किनाऱ्यापर्यंत, कोऱ्या बससह. त्या गाडीचा मुख्य ड्रायव्हर मेहुणा, हे सुपरवायझरने तोंडी जवळजवळ कबूल केलं होतं. मेहुण्याने तो रस्ता आपल्या सुट्टीत दोनदा जाऊन बघितला होता. वळणं पाठ करून तो कँटीनच्या टेबलावर बोटाने काढून दाखवायचा.

घरी बायकोची झोप उडाली. त्यांच्याच घरी राहणाऱ्या भावाच्या मागेपुढे ती कोंबडीसारखी फिरायला लागली. पळू नको, जिने चढू नको, बादली उचलू नको.

"ताई, मी बस धुतोय, तुझ्या चादरी नाही," तो म्हणायचा. "बादली उचलल्याशिवाय कशी धुऊ?" पण रात्री तोही छातीवर हात ठेवून पडायचा, हे तिने पाहिलं होतं आणि नवऱ्याला सांगितलंही. निरोगी माणसाला आजारी असल्याची भीती घालणं किती सोपं असतं ते सबुरी रोज बघत होता. शर्यतीचे बूट मेहुण्याने पेटीत घालून खाटेखाली सारले.

एका सकाळी डबा भरता भरता बायको म्हणाली, "मी काय म्हणते, दुसरं घड्याळ आत्ताच घ्या. ते त्याच्या एकट्याच्या हातात राहील. काही असेल तर कळेल, नसेल तर जीव तरी भांड्यात पडेल."

सबुरीने डब्याचं झाकण दोनदा लावलं. मेहुण्याच्या हातात त्याचं एकट्याचं घड्याळ आलं की काय होईल हे त्याला स्पष्ट दिसत होतं. आठवडाभर ते स्वच्छ चालेल. मग कुणीतरी विचारेल, त्या दुपारी चिन्हं दिसली ती कुणाची? ते घड्याळ घालणारा दुसरा माणूस तरी कोण होता?

"नवीन मॉडेल येईलच आता," तो म्हणाला. "थोडक्यासाठी कशाला उगाच. थांबू."

बायकोने त्याच्याकडे बघितलं. "माझ्या भावाच्या छातीनेसुद्धा भाव उतरायची वाट बघायची का?"

तो डबा घेऊन निघाला.

बसवर आता त्याच्या जोडीला डेपोत जांभई म्हणून ओळखला जाणारा ड्रायव्हर होता. हा चाकावर उत्तम, पण बर्थवर पडला की मेल्यासारखा झोपायचा. त्या दिवशीची गाडी दिवसाची होती. दुपारी उतार सुरू झाला, एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला नुसता कठडा, आणि सबुरीच्या छातीत सुरू झालं. एक गळला. त्याने गियर खाली घेतला. दोन धडपडले. हाताची बोटं गार पडली, आणि समोरच्या रस्त्याच्या कडा क्षणभर विरघळल्यासारख्या झाल्या. आरशात मागच्या सीटा दिसत होत्या. एक बाई संत्रं सोलत होती. एक मनुष्य खिडकीला गाल लावून झोपला होता. त्याने बस जेमतेम पुढच्या रुंद जागेपर्यंत नेली, बाजूला घेतली आणि हँडब्रेक ओढला.

"काय झालं हो, ड्रायव्हरसाहेब?" संत्र्यावाल्या बाईने विचारलं.

"काही नाही. टायर बघतो."

तो उतरला आणि बसभोवती फिरला. प्रत्येक टायरवर हात ठेवून उभा राहिला, एकेका टायरला धरून श्वास घेतला. खिडकीतून एक म्हातारे गृहस्थ शेजाऱ्याला सांगत होते, "हा ड्रायव्हर जबाबदार दिसतो. उतार आहे ना, टायर तपासून घेतोय. असे राहिले नाहीत आता." सबुरीने ते ऐकलं. कुणी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. त्याने जांभईला हलवून उठवलं, पोट बिघडलंय म्हणाला, आणि उरलेली सगळी वाट बर्थवर बसून काढली. मेहुण्याच्या तेलाचा वास उशीला अजून येत होता.

परतल्यावर तो घरी गेला नाही. गणवेशातच दुकानात गेला.

काउंटरवरच्या मुलीने त्याला ओळखलं. "काका, अगदी वेळेवर आलात. शुक्रवारी नवीन येतंय. तीन दिवस थांबलात तर हेच किती स्वस्त पडेल माहीत आहे?"

"आजच दे."

"अहो, पण तीनच दिवस…"

"मुली," सबुरी म्हणाला, "मी फार थांबलोय. बांधून दे."

यार्डात मेहुणा बसच्या काचेवर पाण्याचा पाइप धरून उभा होता. सबुरीने खोकं पुढे केलं.

"घे. हे तुझं एकट्याचं."

"नवीन मॉडेल आलं?"

"नाही. जुनंच."

"मग भाव उतरला असेल."

"नाही."

मेहुण्याने नळ बंद केला. दाजींनी पूर्ण भावात वस्तू घेतली म्हणजे घरात काहीतरी झालंय असं त्याला वाटलं. "ताईला काही झालं का?"

"त्या दुपारी घड्याळ माझ्या हातात होतं," सबुरी म्हणाला. "तू झोपला होतास. मला छातीत कसंतरी होत होतं. तुझ्या हातातून काढून मी बांधलं, आणि मग परत तुझ्या हाताला लावलं. तुला काही झालेलं नाही. माझंच आहे ते. बऱ्याच दिवसांपासून."

पाइपातून उरलेलं पाणी गळत होतं.

"कँटीनमध्ये मी मेसेज दाखवला, तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"आणि म्हणालात, थांब जरा."

"हो."

"ताईला सांगितलंत?"

"आता सांगणार."

"आता म्हणजे आज," मेहुणा म्हणाला, "की त्याच्याही पुढचं मॉडेल आल्यावर?"

त्याने आवाज चढवला नाही. चढवला असता तर सबुरीला सोपं गेलं असतं. त्याने गमबूट काढले, शेजारी शेजारी नीट ठेवले, आणि मोज्यांवरच दाजींचा दंड धरून त्यांना डॉक्टरीणबाईंच्या खोलीकडे चालवत नेलं. वाटेत एकदा फक्त म्हणाला, "हळू चला. घाई नाही." बोलून झाल्यावर त्याचा त्यालाच या वाक्याचा राग आला असावा, कारण दंडावरची त्याची पकड एकदम घट्ट झाली.

या वेळी नाडीने सोंग घेतलं नाही. बाईंनी सबुरीला तिथेच झोपवलं आणि मेहुण्याचा चाक बंद केल्याचा कागद फाडायला लगेच सुपरवायझरला बोलावलं. सुपरवायझर आला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

"उद्यापासून चाकावर ये," तो मेहुण्याला म्हणाला. "पण नव्या मार्गाचं काल पक्कं झालं रे. जांभईला दिला. मी तरी किती थांबणार होतो?"

मोठ्या डॉक्टरांनी सबुरीला गोळ्या दिल्या. वेळेवर आलात म्हणाले. कुणाच्या वेळेवर, हे सबुरीने विचारलं नाही. गोळ्या कायमच्या आणि लांबची गाडी बंद. त्याला यार्डात काम मिळालं. शुक्रवारी नवं घड्याळ बाजारात आलं आणि जुन्याचा भाव सांगितल्याप्रमाणे उतरला. काउंटरवरच्या मुलीचं प्रत्येक वाक्य खरं ठरलं. बायकोने सगळं उभ्याउभ्याच ऐकलं, इस्त्री खाली न ठेवता. मग नवऱ्याचा शर्ट पुरा केला, घडी घातली, आणि लग्नापासून पहिल्यांदाच त्याला टोमणा मारला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आता ती त्याच्या गोळ्या वेळेवर हातात ठेवते आणि वर पाण्याचा पेला, आणि एवढंच.

तेव्हा घड्याळाचे पूर्ण पैसे सबुरीने भरले, आणि बायकोने किंमत मोजली ती घरातल्या चेष्टामस्करीने. मेहुण्याने किती भरलं ते सकाळी डेपोत दिसतं. जांभई कोरी बस घेऊन किनाऱ्याकडे निघतो, तेव्हा मेहुणा कँटीनच्या टेबलाशी बसलेला असतो, आणि त्याचं बोट लाकडावर एकेक वळण घेत घाट उतरत जातं.